काटकसर कोणाच्या ताटातून?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



काटकसर हा विषय मराठी घरात कोणी पाटीवर लिहून शिकवत नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली जाते, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत टाकल्या जातात आणि घरातील मूल हे सारे पाहत मोठे होते. सुबत्तेच्या दिवसांत याच सवयींना चिकटपणा म्हटले जाते. मात्र घरात येणारा पैसा एकाएकी आटला की त्याच सवयींवर संसार तरतो. अशा काळात काटकसर कशी करावी याची चर्चा पुष्कळ होते. ती कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजच्या विवेचनात या दोन्ही बाजूंचा विचार व्हावा, अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्राने पाहिलेले तीन कठीण काळ

पहिला काळ १९७२ च्या दुष्काळाचा. आधीच्या अपुऱ्या पावसाने कोठारे रिकामी झालेली होती. त्यात त्या वर्षी पिके हातची गेली. रेशनच्या दुकानांतून परदेशातून आलेला तांबडा मिलो वाटला गेला. पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पिढीला त्या भाकरीची चव आजही आठवते. पाझर तलाव, नाल्यांचे बांध आणि रस्ते यांच्या कामांवर माणसे खडी फोडू लागली. तेथे सुकडी वाटली जाई. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर परिचित झाली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. घराची चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांनी घमेले उचलले आणि घरी परतल्यावर चूलही त्यांनीच पेटवली.

दुसरा काळ मुंबईच्या गिरणगावाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत पगाराचे पाकीट येणे थांबले. कित्येक कुटुंबे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली. जी मुंबईत राहिली त्यांतील अनेक घरे बायकांच्या कष्टांवर चालली. कोणी डबे दिले, कोणी भाजी विकली, कोणी पापड लाटले, कोणी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली. त्यांच्यासमोर काही वाटा आधीच पडलेल्या होत्या. गिरगावात १९५९ साली सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतचा उद्योग उभा राहिला. खानावळ चालवणाऱ्या महिलांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. स्वयंपाकघरातील हातोटी हेच या साऱ्या स्त्रियांचे भांडवल होते.

तिसरा काळ सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दुकाने, कारखाने, रिक्षा, शिकवण्या असे सारे एका रात्रीत थांबले. दुष्काळाची चाहूल आकाशाकडे पाहून लागते, संपाची चाहूल गिरणीच्या फाटकावर लागते. या संकटाची चाहूल कोणालाच लागली नव्हती.

एका घराचे उदाहरण

या तिसऱ्या काळातील एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. अशी घरे प्रत्येक गल्लीत होती. पती खाजगी कचेरीत हिशेबनीस, पत्नी गृहिणी, अकरावीतील मुलगा, सातवीतील मुलगी आणि मधुमेह असलेले वृद्ध वडील. आधी पगार निम्मा झाला आणि नंतर नोकरीच गेली. घर घाबरेल या भीतीने पतीने ही गोष्ट तीन महिने सांगितली नाही. क्रेडिट कार्डावर किराणा येत राहिला. पत्नीला सारे समजले होते, परंतु पतीचा मान राखण्यासाठी तीही बोलली नाही. तिने आपल्या परीने काटकसर सुरू केली. स्वतःचे दूध बंद केले. वाढताना भाजी पुरणार नाही असे दिसले की ती चटणीशी पोळी खाऊन उठू लागली. गुडघ्याचे औषध तिने आणलेच नाही. चौथ्या महिन्यात ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा घरातील इतर चौघांना पहिल्यांदा कळले की घर काटकसरीत आहे.

या प्रसंगात वाईट असे कोणीच नाही. पतीने काळजीपोटी लपवले, पत्नीने मायेपोटी सोसले. तरीही घराचे दुहेरी नुकसान झाले. एकीकडे कर्ज वाढले, दुसरीकडे घर ज्या व्यक्तीच्या आधारावर उभे होते तीच खचली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. याला शारीरिक कारणे आहेत, हे खरे. परंतु सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची रीतही त्यांत भर घालते. सुबत्तेच्या काळात जिच्या ताटात कमी पडते, तिच्या ताटात टंचाईच्या काळात काय उरत असेल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

पहिली पायरी : हिशेबाची वही सर्वांसमोर

म्हणून काटकसरीचा आरंभ स्वयंपाकघरात न होता माजघरात व्हावा. उत्पन्न घटले की आठवड्याच्या आत घरातील सर्व कळत्या माणसांना एकत्र बसवावे आणि खरा आकडा सांगावा. दहा-बारा वर्षांची मुलेही हे समजू शकतात. ज्या मुलाला कारण ठाऊक असते ते नव्या बुटांचा हट्ट सहज सोडते. ज्याला ठाऊक नसते त्याला ते आई-बापांचे कठोरपण वाटते.

वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात अटळ खर्च : घरभाडे किंवा हप्ता, धान्य, दूध, औषधे, शाळेची फी, वीज, आरोग्य विम्याचा हप्ता. दुसऱ्यात पुढे ढकलता येणारे खर्च : कपडे, रंगकाम, नवे उपकरण, प्रवास. तिसऱ्यात सोडून देता येणारे खर्च. दररोज बाहेरच्या चहा-फराळावर ४० रुपये जात असतील, तर महिन्याच्या २६ कामकाजी दिवसांत ते १,०४० रुपये आणि वर्षात १२,४८० रुपये होतात. हा आकडा कागदावर दिसला की उपदेशाची गरज उरत नाही.

याच वहीच्या पहिल्या पानावर 'यात कपात नाही' अशी एक यादी लिहावी. मुलांचे व वृद्धांचे दूध, डाळी-उसळी, नियमित औषधे, विम्याचा हप्ता आणि घरातील गृहिणीचे पूर्ण जेवण या पाच गोष्टी त्या यादीत असाव्यात. पाचवी गोष्ट पाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. सर्वांनी एकाच पंगतीत बसावे आणि सर्व ताटे एकाच वेळी वाढावीत. भाजी कमी असेल तर ती सर्वांना सारखीच कमी येईल.

स्वयंपाकघरातील युक्त्या

मोजून शिजवणे ही पहिली युक्ती. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्यांच्या मापाने स्वयंपाक करण्याची सवय अनेक घरांना लागली. माणशी किती वाट्या तांदूळ, किती वाटी डाळ हे ठरले की शिळे उरत नाही. ज्या घरांत रात्रीचे अन्न दुसऱ्या दिवशी खाल्ले जात नाही, तेथे तर मापाला अधिकच महत्त्व आहे, कारण तेथे उरलेले अन्न म्हणजे थेट वाया गेलेला पैसा.

धान्य हंगामात घ्यावे. तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. वर्षाचे धान्य एकदम भरण्याइतकी पुंजी प्रत्येक घरापाशी नसते. अशा वेळी तीन-चार घरांनी मिळून पोती घ्यावीत आणि वाटून घ्यावीत. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यांत भरावे. गरम भरले तर आत दमटपणा धरतो आणि कीड लागते. डाळींना एरंडेल तेलाचा हलका हात लावावा, गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालावा. साठवणीचा उद्देश पैशांइतकाच जीवदयेशीही जोडलेला आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

इंधनाची बचत स्वयंपाकाच्या क्रमात असते. तूरडाळ अर्धा तास व कडधान्ये सात-आठ तास भिजवली की ती लवकर शिजतात. कुकरमध्ये डाळ, भात आणि भाजी एकावर एक ठेवावी. पहिल्या शिटीनंतर आच मंद करावी. पातेल्यावर झाकण ठेवावे. शेगडीची ज्योत पिवळी दिसली किंवा भांडी काळी होऊ लागली, तर बर्नर साफ करण्याची वेळ झाली असे समजावे, कारण तेव्हा गॅस पुरता जळत नाही. भाताला पाच-सात मिनिटे खळखळून उकळी आल्यावर झाकण घट्ट बसवून पातेले जाड गोधडीत गुंडाळून ठेवले, तर तो अर्ध्या-पाऊण तासात आपल्या आपणच शिजतो. भात मात्र त्याच जेवणात गरम असतानाच वाढावा.

टाकाऊ समजल्या जाणाऱ्या गोष्टींतही पुष्कळ सत्त्व असते. दुधीच्या व दोडक्याच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांचे वाटण, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी हे पदार्थ आजीच्या पिढीला ठाऊक होते. दुधावरच्या सायीचे विरजण लावले की लोणी, तूप आणि ताक अशा तिन्ही गोष्टी मिळतात. तूप कढवल्यावर उरलेली बेरी कणकेत मळावी. पिळलेल्या लिंबाची साल आणि मीठ यांनी तांब्या-पितळेची भांडी लखलखीत होतात. खिडकीतील दोन कुंड्यांत कढीपत्ता, पुदिना किंवा गवती चहा सहज येतो.

पाणी आणि वीज

१९७२ साली पाणी होते, पण धान्य नव्हते. अलीकडच्या दुष्काळांत धान्य असते, पण पाणी नसते, असे मराठवाड्यातील वृद्ध मंडळी म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या घरांना तो उन्हाळा आठवतो, त्यांना पाण्याची काटकसर शिकवावी लागत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवतो. त्याचा वायसर बदलण्यास फारसा खर्च येत नाही. धुण्याचे शेवटचे पाणी फरशी पुसण्यास, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना वापरावे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छतावर ५०० मिलिमीटर पावसात २५,००० लिटर पाणी पडते. वाया जाणारा भाग वजा केला तरी टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात बरेच उतरते.

विजेचा हिशेबही असाच सरळ आहे. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट लागतात. तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत स्वयंपाकघराचा दिवा आपोआप लवकर विझतो.

हातचे कसब आणि जोडधंदा

स्वावलंबन म्हणजे प्रत्येक वस्तू घरी तयार करणे असे मानण्याचे कारण नाही. घरातील प्रत्येकाला दुरुस्तीचे एखादे काम यावे, एवढे पुरेसे आहे. बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, मिक्सरचा फ्यूज पाहणे, सायकलचे पंक्चर काढणे ही कामे मुलगा आणि मुलगी दोघांनाही शिकवावीत. मोठ्याचे कपडे धाकट्याला आणि पुढच्या वर्गाची पुस्तके शेजारच्या मुलाकडून, ही देवघेव पूर्वी सहज होत असे. शाळा सुरू होण्यापूर्वी सोसायटीत किंवा संस्थेच्या सभागृहात पुस्तके व गणवेश यांची अदलाबदल ठेवली, तर कोणाही पालकाला हात पसरल्यासारखे वाटणार नाही.

गृहिणीच्या कसबातून जोडधंदा उभा राहत असेल, तर त्याचाही हिशेब स्वतंत्र ठेवावा. सामान, गॅस आणि तिचे श्रम या तिन्हींची किंमत धरल्यावर जे उरते तोच नफा. श्रम फुकट धरले की धंदा फायद्यात दिसतो आणि बाई मात्र थकत जाते. तिने डबे देण्यास सुरुवात केली असेल, तर घरातील झाडलोट व भांडी इतरांनी वाटून घ्यावीत.

कर्ज आणि बचत

कठीण काळात सर्वांत महाग वस्तू म्हणजे घाईत घेतलेले कर्ज. महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते. परंतु २०,००० रुपयांच्या थकबाकीवर ते चक्रवाढीने चढत गेले, तर वर्षाअखेर देणे २८,५०० रुपयांच्या पुढे जाते. मोबाईलवर काही मिनिटांत मिळणाऱ्या कर्जांबाबत तर दुप्पट सावध असावे. हप्ता भरता येणार नाही असे दिसताच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. थकल्यानंतर जाण्यापेक्षा आधी जाणे केव्हाही बरे. घेणी अनेक असतील, तर सर्वाधिक व्याजाचे कर्ज प्रथम फेडावे.

बचत कोठे ठेवावी, हेही पाहावे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. २०२० साली त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थांमधील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवून पोळलेली कुटुंबे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात आढळतात. उत्पन्न सुरळीत असताना सहा महिन्यांच्या अटळ खर्चाइतकी रक्कम बाजूला साठवावी. ती एकदम जमत नाही. महिन्याला थोडी थोडी टाकत गेले, तर तीन-चार वर्षांत जमते.

मर्यादा आधीच आखलेली

गृहस्थासाठी सांगितलेल्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. आपल्याला किती पुरे, याची सीमा श्रावकाने स्वतःच ठरवावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. ही सीमा चांगल्या दिवसांत ठरलेली असेल, तर पडत्या दिवसांत घराला खाली यावे लागते ते थोडेच. लग्नातील पंगत, वाढदिवसाचा थाट, शेजाऱ्याशी बरोबरी म्हणून घेतलेली गाडी यांची मर्यादा ज्याने आधी ओळखली, त्याला नंतर कोणापासून काही लपवावे लागत नाही.

शेजाऱ्यांचे आणि समाजाचेही येथे एक कर्तव्य आहे. एखाद्या घरचे येणे-जाणे कमी झाले, मूल सहलीला आले नाही, वर्गणीचा आकडा घटला, तर त्याची चर्चा न करता निमूटपणे चौकशी करावी. मदत द्यावी ती उजव्या हाताची डाव्याला न कळेल अशी. त्यापेक्षाही उत्तम म्हणजे काम मिळवून द्यावे.

आता त्या घराकडे पुन्हा वळू या. पत्नी चक्कर येऊन पडली त्याच रात्री पतीने बँकेचे कागद सर्वांसमोर ठेवले. कार्ड बंद झाले. मुलाने क्लास सोडला आणि दोन मित्रांबरोबर एकत्र अभ्यास सुरू केला. वडिलांनी दुधाचा व औषधांचा हिशेब लिहिण्याचे काम आपल्याकडे घेतले. पतीने दोन दुकानांचे हिशेब लिहिण्यास आरंभ केला. मुलीला सर्वांची ताटे वाढण्याचे काम मिळाले आणि तिने पाचही ताटे एका ओळीत मांडली. घराचे कर्ज फिटायला पुढे दीड वर्ष लागले. पण त्या रात्रीपासून त्या घरात कोणी एकट्याने काटकसर केली नाही.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर भोजनाच्या वेळी एवढेच पाहावे की, शेवटी कोण बसते आणि त्या ताटात काय असते. उद्या संकट आले, तर काटकसर कोठून सुरू करायची, याचे उत्तर तेथेच मिळेल.